देवघेव शून्य

मी फार बोलणारा माणूस नाही. नोकरीच तशी मिळाली. काउंटरमागं बसून लोकांना सांगायचं ते एवढंच, कार्ड दाखवा, तारीख उलटून गेली, मोबाईल बाहेर जाऊन बोला. घरीही माझी तीच तऱ्हा. बायको म्हणते, "तुमच्या तोंडालाबी लायब्ररीचंच कुलूप लावलंय का काय?" मी यावरही काही बोलत नाही.

पण ही एक गोष्ट मला लिहायची आहे. कुठून सुरू करावी ते नक्की कळत नाही, म्हणून जशी आठवते तशी लिहितो.

लातूरच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालयाचं नाव सांगत नाही, आणि ज्या पुस्तकाबद्दल लिहितोय त्याचंही नाही. आमच्याकडं वाचक म्हणजे बहुतेक डॉक्टर व्हायला आलेली पोरं. खेड्यातून येतात, खोली करून राहतात आणि आमच्या टेबलाखुर्च्यांवर आपापल्या क्लासच्या नोट्स पसरून बसतात. आमच्या कपाटांशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांना खुर्ची, पंखा आणि चार्जर लावायला प्लग एवढं पुरतं.

कपाटातलं पुस्तक मागणारा एकच माणूस ठरलेला होता. औशाकडच्या एका खेड्यातले म्हातारे शेतकरी. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला सर. आठवड्यातून एकदा भाजी घेऊन यायचे, ती आडतीवर टाकली की त्यांची गाडी सुटेपर्यंत वेळ असायचा. तो वेळ ते आमच्याकडं काढायचे. हातपाय धुऊन यायचे, टोपी मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "सर, आमचं जाड बुक द्या."

ते पुस्तक म्हणजे मांजरा आणि तेरणेच्या काठच्या गावांची हकीकत. कुण्या जुन्या शाळामास्तरांनी गावोगाव हिंडून, लोकांना विचारून विचारून लिहिलेली. कुठल्या गावात कोणती विहीर, कुणी बांधली, कुठली जत्रा का मोडली, असं सगळं. त्याला शेवटी सूची नाही, सुरुवातीला अनुक्रमणिका नाही. एक गाव संपतं तिथं ओळही न सोडता दुसरं सुरू होतं. मामा त्यात काय शोधतात, हे मी पहिल्या वर्षी विचारलंच नाही. पुढं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"आमचा आजा पानाडी हुता सर. हातावर नारळ घिऊन रानात हिंडायचा. नारळ उभा ऱ्हायला की म्हनायचा, पानी हितं हाय, खांदा. त्या मास्तरनं आज्याला बोलवून लिवून घेतलं म्हनतेत. आज्याचं नाव बुकात हाय, असं आमचा बाप सांगायचा. बापाला वाचाया येत नव्हतं. मला येतंय."

"घरी न्या की मग. कार्ड काढून देतो."

"घरी नातवंडं हायती. पतंग करतील त्याचे."

म्हणून ते तिथंच बसून वाचायचे. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. पान सोडायचे नाहीत, कारण आजा कुठल्या पानावर असेल याचा नेम नाही. उठताना त्या दिवशीचं एसटीचं तिकीट पानात घालायचे आणि पुस्तक माझ्या हातात द्यायचे. मी ते कपाटात ठेवायचो. पोरं त्यांची चेष्टा करायची. एकानं एकदा विचारलं, "मामा, तुमचा कितवा अटेम्प्ट?"

"पैलाच हाय. तुझा?"

त्या पोराचा तिसरा होता. सगळी खोली हसली.

मग आमच्याकडं संगणक आला. म्हणजे होताच, पण आता सगळ्या पुस्तकांना बारकोड लागले आणि देवघेव त्यावर सुरू झाली. पुस्तक घरी न्यायचं म्हणजे बारकोडवर तो लाल उजेड मारायचा, परत आणलं की पुन्हा मारायचा. काम सोपं झालं हे खरं. समितीचे लोक येऊन बघून गेले, फोटो झाले.

पुढं समितीचं ठरलं की पोरांना बसायला जागा कमी पडते, आणखी टेबलं टाकायची. त्यासाठी कपाटांची एक रांग काढायची. मग त्यातली पुस्तकं कुठं ठेवायची? जी कुणी वाचतच नाही ती बाद करायची. आणि कुणी वाचत नाही हे कसं ठरवायचं, तर संगणक आहेच. मी बटण दाबलं. बारकोड लागल्यापासून एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची नावं भराभर आली. प्रत्येकापुढं एकच शेरा होता: देवघेव शून्य.

त्या नावांत मामांचं पुस्तकही होतं. नावं इतकी होती की ते माझ्या लक्षात आलं नाही. समितीच्या सह्या झाल्या, टेम्पो आला, पुस्तकं रद्दीत गेली.

पुढच्या आठवड्यात मामा आले. टोपी मांडीवर ठेवली. "सर, आमचं जाड बुक."

मी सवयीनं उठून कपाटाकडं गेलो. कपाटच नव्हतं. तिथं नवी टेबलं होती आणि एक मुलगी टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. मी तिथं उभा राहिलो. काय केलंय हे मला तेव्हा समजलं, पण पूर्ण समजलं असंही नाही. परत येऊन मी म्हणालो, "मामा, ते बाइंडिंगला गेलंय."

"बरं केलाव. पाठ निघायलती त्याची."

आणि ते तसेच बसून राहिले, गाडीची वेळ होईपर्यंत, समोर काही न घेता.

मी रद्दीवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, माल कधीच पुढं गेला, आता लगदा झाला असेल. मग मी शोधायला लागलो. पुस्तकं शोधून देणं हे माझं काम, पण खरं सांगतो, इतकी वर्षं मी पुस्तक शोधलं म्हणजे ते कुठल्या कपाटात आहे एवढंच शोधलं होतं. जे नाहीच ते कसं शोधायचं? इंटरनेटवर पुस्तकाचं नाव टाकलं तर त्याच नावाचं मंगल कार्यालय निघालं. पुण्याला असलेली मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, एआयला विचारा ना." विचारलं. त्यानं लगेच सांगितलं की हा संतवाङ्मयावरचा मोलाचा ग्रंथ आहे. मी लिहिलं, नाही, गावांची माहिती आहे. ते म्हणालं, माफ करा, बरोबर आहे, हा गावांच्या माहितीचाच ग्रंथ असून त्यात लोकनृत्यांवर विशेष भर आहे. मी लिहिलं, विहिरींवर. ते म्हणालं, अगदी बरोबर, विहिरींवर. मी विचारत गेलो तसं ते पुस्तक बदलत गेलं. शेवटी मलाच शंका यायला लागली की पुस्तकात नक्की काय होतं. मी ते कधी उघडलंच नव्हतं. दर आठवड्याला हातात घेत होतो, कपाटात ठेवत होतो, पण आत एक ओळ वाचली नव्हती. जे माहीत होतं ते मामांच्या तोंडून.

मामा येतच होते.

"आलं का वो सर बुक?"

"अजून नाही."

"बाइंडर झोपलाय का काय? आमच्या गावात पत्रिका छापणारा हाय, त्याला देऊ का? दोन दिसांत करून देतंय ते पोरगं."

"येईल मामा."

"आवो, थोडंच ऱ्हायलंय आता." आणि त्यांनी अंगठा आणि बोट यांत अंतर धरून दाखवलं. पान कितवं ते त्यांना ठाऊक नव्हतं. डाव्या हाताखाली किती जाडी झाली आणि उजव्या हाताखाली किती उरली, यावर त्यांचा हिशोब होता.

पुढं एका संकेतस्थळावर गावोगावच्या वाचनालयांची एकत्र नोंद सापडली. त्यात आमचं पुस्तक नांदेडच्या एका जुन्या वाचनालयात दाखवत होतं. पुढं हिरव्या अक्षरांत होतं: उपलब्ध. मी रजा टाकली आणि अहमदपूर-लोह्यावरून नांदेडला गेलो. बायकोला सांगितलं, कामाचं आहे.

तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पीएचडी का?"

मी म्हणालो, हो. का म्हणालो कुणास ठाऊक. खरं सांगायला मराठीत शब्द नव्हते असं नाही.

त्यांनी संगणकावर बघितलं. "आहे की. उपलब्ध दाखवतंय. चला." कपाटापाशी गेलो. दोन पुस्तकांच्या मधे एक फट होती, आणि फटीत पालीची अंडी. बाई फटीकडं बघत राहिल्या. "दाखवतंय तर आहे," त्या म्हणाल्या. मग परत जाऊन त्यांनी पुन्हा संगणक बघितला. तिथं अजून उपलब्धच होतं. आमच्याकडं पुस्तक वाचलं जात होतं तर मशीन नाही म्हणालं, आणि इथं पुस्तक नाही तर मशीन आहे म्हणतं. यातून काय घ्यायचं ते मला आजही नीट कळलेलं नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मागं जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग करून घेतलं होतं. त्यात असलं तर असेल. पण एक घोळ आहे."

घोळ असा होता की फायलींना पुस्तकांची नावं द्यायची राहून गेली होती. नुसते आकडे. आम्ही दोघं एका स्क्रीनसमोर बसून एकेक फाईल उघडत गेलो. पाकशास्त्र निघालं, सहकाराचे कायदे निघाले, एक उर्दू पुस्तक निघालं. "हे का?" "नाही." "हे?" बाईंना वाटत होतं मला ते बघताक्षणी ओळखू येईल. मी कसा ओळखणार होतो? शेवटी एक अशी फाईल उघडली जिला सुरुवातीची पानंच नव्हती, मधूनच सुरू होत होती. औशाच्या किल्ल्यातल्या विहिरीची पायऱ्यांसकट माहिती होती, मग ओळही न सोडता दुसरं गाव. मी म्हणालो, "हेच." माझा आवाज असा निघाला की बाई माझ्याकडं बघायला लागल्या.

त्यांनी आपण होऊन आणखी एक केलं. पानांचे फोटो वाचून त्यांतली अक्षरं ओळखणारी सोय त्यांच्याकडं होती. "काय शोधताय सांगा, क्षणात सापडेल." मी पानाडी हा शब्द दिला. मशीन फिरलं, थांबलं. शून्य.

मी फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि परत निघालो. गाडीत डोक्यात एकच चाललं होतं. मामा इतकी वर्षं जे शोधतायत ते त्यात नाहीच, हे आता मला ठाऊक आहे. ते त्यांना सांगायचं का? आणि मग लोह्याच्या पुढं कुठंतरी मला वाटलं, मला ठाऊक आहे म्हणजे काय? मशीननं सांगितलं एवढंच. तसं तर त्यानं आधीही एक शून्य सांगितलं होतं.

इथं मला मागं जाऊन एक दुरुस्त करायला हवं. वर मी लिहिलंय की नावं इतकी होती की ते पुस्तक माझ्या लक्षात आलं नाही. ते खोटं आहे. समितीला मी तेच सांगितलं असतं, बायकोलाही तेच सांगितलं असतं, आणि लिहितानाही हात त्याच वळणावर गेला. मी ते नाव बघितलं होतं. बघून थांबलोही होतो. मामा डोळ्यांसमोर आले होते, टोपीसकट. पण ते नाव काढायचं तर समितीपुढं उभं राहून बोलावं लागलं असतं, की मशीन म्हणतं कुणी वाचत नाही, पण एक भाजीवाले शेतकरी वाचतात. ते हसले असते. आणि शून्य तर समोर छापील होतं. छापील शून्यापुढं माझं बघणं मला कमी वाटलं. खरं तर बोलायचं टाळता आलं, हेच मला बरं वाटलं.

असो. मी फाईल छापून घेतली. होतं तेवढं सगळं पुस्तक कागदावर आलं, एका बाजूलाच छापलेलं. बाइंडरकडं देण्याआधी पानं क्रमानं आहेत का बघायला घरी जेवणाच्या टेबलावर ती मांडली. त्या निमित्तानं मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं, तेही मागून पुढं, कारण गठ्ठा उलटा होता.

शेवटून फार आत नसेल, तिथं पानाडी होता.

स्कॅनमध्ये त्या पानावर कुणाचं तरी बोट आलं होतं आणि अक्षरं फिकी होती, म्हणून मशीनला वाचता आलं नसावं. मला आलं. नाव नव्हतं. अमुक गावचा एक पानाडी, एवढंच. गाव मामांच्या गावाच्या शिवारालगतचं. मास्तरांनी लिहिलं होतं की गावानं त्याला बोलावलं, तो नारळ घेऊन सगळं रान फिरला आणि म्हणाला, इथं पाणी नाही, खांदू नका. लोकांनी तरीही खांदलं. पाणी असं लागलं की खांदणाऱ्यांना वर यायची घाई झाली. अजून ती विहीर आटत नाही, आणि तो पानाडी पुन्हा त्या गावात आला नाही.

मी ते पान हातात धरून बसलो. बायको म्हणाली, "ताट करू का? कागदं उचला."

ते पान काढून ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं? मामांना एक पान कमी असल्याचं समजलं नसतं. आजा सापडला नाही एवढंच झालं असतं, आणि बापाचं बोलणं तसंच राहिलं असतं. आणि तो त्यांचाच आजा कशावरून? शिवारात पानाडी काय एकच असेल? मला काहीच ठरवता येईना. शेवटी मी पान गठ्ठ्यात घातलं, ते चांगुलपणानं म्हणता येणार नाही. एकदा मी दुसऱ्यासाठी ठरवलं होतं की काय ठेवायचं आणि काय काढायचं. पुन्हा ठरवायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा बाइंडरकडं टाकला आणि दुकानातून बाहेर येताना लक्षात आलं की आता माझं बोलणं खरं झालं. पुस्तक बाइंडिंगला गेलंय. मामांनी विचारलं तर मी तोंड वर करून सांगू शकत होतो. इतकं सोपं होतं की मला त्याची भीती वाटली.

पुस्तक आलं त्या दिवशी मामांनी ते दोन्ही हातांनी उचलून बघितलं. "हे तर दुप्पट झालं की वो. बाइंडरनं काय भरलं ह्यात?" मग त्यांनी अंगठा-बोट धरून आपली जागा मोजायला घेतली. जागा लागेना. तिकीट शोधलं. "सर, माझी खूण?"

मी म्हणालो, "मामा, हे ते पुस्तक नाही. ही त्याची नक्कल आहे. ते मी रद्दीत काढलं."

"फाटलतं म्हनून?"

"नाही. कुणी वाचत नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्या रोजच्या खुर्चीकडं बघितलं. "मग मी हितं बसून काय करलालो हुतो?"

"तुमचं वाचणं मशीनमध्ये लागलं नव्हतं."

"लावायचं कुनी हुतं?"

"मी."

शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी माना वर केल्या होत्या. मी म्हणालो, "मला माहीत होतं तुम्ही वाचता ते. तरी काढलं."

"हाव," ते म्हणाले. बास, एवढंच. रागावले का, काही कळलं नाही. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं आणि टोपी अजून डोक्यावरच होती. त्या दिवशी ते बसलेच नाहीत. जाताना पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि गेले.

पुढच्या आठवड्यात ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. आले. हातपाय धुतले, टोपी मांडीवर ठेवली. "द्या," म्हणाले, बुक म्हणाले नाहीत. आणि पहिल्या पानापासून बोट धरून वाचायला लागले. सगळं पुन्हा. मला राहवलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं, आता काही मागं ठेवायचं नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन वाकलो. "मामा, अजून एक सांगायचंय. शेवटाकडं एक पानाडी आहे."

त्यांचं बोट ओळीवरच थांबलं. दुसरा हात त्यांनी माझ्यापुढं धरला, बैल थांबवावा तसा.

"थांबा. सांगू नका."

"पण मामा, ते..."

"मी येतो की तितवर."

आता मी एक सवय लावून घेतलीय. संध्याकाळी टेबलांवर जी आमची पुस्तकं पडलेली असतात, त्यांच्यावर तो लाल उजेड मारतो, म्हणजे ती वाचली गेली असं मशीनला कळावं. हे बरोबर आहे का, तेही मला ठाऊक नाही. एक पोरगा आमचा जाड शब्दकोश डोक्याखाली घेऊन झोपतो, आणि आता मशीन सांगतं की आमच्याकडं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक ते आहे. मामांच्या पुस्तकाला मात्र बारकोड देता आला नाही. मशीन प्रकाशक विचारतं, बिल विचारतं, ते मी कुठून देणार? म्हणून ते माझ्या काउंटरखाली असतं. मशीनच्या लेखी ते वाचनालयात नाहीच.

तिकीट दर आठवड्याला थोडं पुढं सरकतं. मी ते बघतो. शेवट अजून लांब आहे, पण येणार हे दिसतं. मामा उठले की पुस्तक काउंटरवर ठेवतात आणि क्षणभर माझ्या तोंडाकडं बघतात. माझ्या तोंडावर काय दिसतं कुणास ठाऊक. मी बोलत नाही.

"असंच ऱ्हावा," ते म्हणतात, आणि गाडीला जातात.